वरच्या पाड्याची विहीर

आमच्या सांगलीकडं माणूस कशाचाच चेअरमन नसेल तर त्याचं लग्न जमायला उशीर होतो, असं माझे यजमान गमतीनं म्हणतात. सोसायटीचा चेअरमन, दूध डेअरीचा चेअरमन, पाणीपुरवठ्याचा चेअरमन, आणि यातलं काहीच जमलं नाही तर निदान गणपती मंडळाचा अध्यक्ष. अशा मुलखात मी अकरा वर्षं बायकांची शिबिरं घेतली. सभा कशी बोलवायची, विषय कसा मांडायचा, ठराव कसा लिहायचा, सगळं मला तोंडपाठ झालं होतं. पंचायतीत बायकांना जागा राखून ठेवण्याचा कायदा नुकताच आला होता. पालघर तालुक्यात बायकांचं आठ दिवसांचं नेतृत्व शिबिर घ्याल का, असं पत्र आलं तेव्हा मी उलट टपाली ‘येते’ म्हणून कळवून टाकलं. काळजी एकच होती, मे महिन्यातल्या उकाड्याची. त्यासाठी मी दोन सुती लुगडी जास्तीची घेतली. भेट म्हणून सांगलीची हळद किलोभर बांधून घेतली आणि निघाले.

बोईसर

बोईसर स्टेशनावर उतरलं की एका बाजूला कारखान्यांचा धूर आणि दुसऱ्या बाजूला डोंगर दिसतो. स्टेशनाबाहेर मराठीपेक्षा हिंदीच जास्त कानावर पडते. चहावाला ‘कौनसी कंपनी?’ म्हणून विचारतो, कारण इथं उतरणारा माणूस कुठल्या तरी कंपनीतच चाललेला असणार असं तो धरूनच चालतो. मी ‘शिबिर’ म्हटलं तर त्यानं मान हलवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

मला न्यायला वसंत गुरुजी आले होते. सफाळ्याचे प्राथमिक शिक्षक, घरची भातशेती, पन्नाशीचे, सडसडीत. शिबिराची सगळी जुळवाजुळव त्यांचीच होती. सुट्टीच्या दिवसांत घरी न बसणाऱ्या शिक्षकांपैकी ते एक. त्यांनी माझी पिशवी उचलली आणि पहिलंच वाक्य बोलले, “ताई, इथल्या बायका पहिले दोन दिवस बोलणार नाहीत. मनाला लावून घेऊ नका.”

“बोलायला लावायचं माझ्याकडं सोपवा,” मी म्हटलं.

ते हसले.

टेम्पो बेटेगावच्या पुढं गेला तसा तो उग्र, नाकात चुरचुरणारा कारखान्यांचा वास मागं पडला. साग पानं गाळून उभे होते. करवंदीची जाळी तेवढी हिरवी, तिच्यावर काळीभोर करवंदं. आमच्याकडं मे महिन्यात डोळ्यांना मोकळं माळरान दिसतं. इथं मात्र उन्हाळ्यातही जमीन झाडांखाली लपलेली असते, आणि तिच्यात माणसं कुठं राहतात ते धुरावरूनच कळतं. डोंगराच्या पायथ्याशी कौलारू शाळा होती. दोन वर्ग, एक पडवी, एक हातपंप. तिथंच आमचं राहणं, जेवण आणि शिबिर.

शाळेतले पहिले दिवस

चोवीस बायका आल्या होत्या. निम्म्या डोंगराकडच्या, वारली. बाकीच्या किनाऱ्याच्या आणि मधल्या शेतकरी गावांतल्या. डोंगराकडच्या भिंतीला टेकून बसल्या, किनाऱ्याच्या दाराजवळ वाऱ्याला बसल्या, आणि मधली जागा मोकळी राहिली. मी त्या मोकळ्या जागेत एक खुर्ची ठेवली आणि म्हटलं, “ही अध्यक्षांची खुर्ची. आजच्या सभेला अध्यक्ष कोण होणार?”

सांगलीत अशा वेळी चार तरी हात वर होतात. इथं कुणी हललं नाही. थोड्या वेळानं दाराजवळची एक धिप्पाड बाई उठली, खुर्ची उचलून बाहेर पडवीत ठेवून आली आणि म्हणाली, “बाय, वारा अडतो.”

ही हिरा. चिंचणीजवळच्या किनाऱ्यावरची, बोईसरच्या बाजारात मासळी विकणारी. वय चाळीस, आवाज भरतीच्या पाण्यावरून पलीकडं पोचेल असा. तिच्यामुळे मला बरं वाटलं. निदान एक तरी बोलणारी मिळाली. मी खुर्चीचा नाद सोडला आणि सगळ्यांबरोबर जमिनीवर बसले.

पहिल्या दुपारीच माझी फजिती झाली. हिरानं येताना खाडीतली बोई मासळी आणली होती. तांदळाची भाकरी आणि तिचं कालवण. जोंधळ्याच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला तांदळाची भाकरी पाहुण्यासारखी मऊ वाटते. मी दोन खाल्ल्या. तिसऱ्या घासाला काटा घशात अडकला. डोळ्यांत पाणी आलं, बोलता येईना. हिरानं शांतपणे कोरड्या भाताचा मोठा मुटका केला आणि माझ्यासमोर धरला. “चावायचा नाय. आक्खा गिळ.” मी गिळला, काटा गेला. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवत सगळ्यांना सांगितलं, “मास्तरीण आता शिकंल हळूहळू.” सगळ्या बायका हसल्या. पहिल्या दिवशी चोवीसजणी एका वेळी हसल्या त्या एवढ्याच.

दुसऱ्या दिवसापासून मात्र काम मार्गी लागलं. गुरुजींनी सांगितल्यापेक्षा बायका लवकर बोलायला लागल्या. अर्जाचे नमुने फळ्यावर लिहिले. ज्यांना वाचता येत होतं त्या बाकीच्यांना वाचून दाखवू लागल्या. खोटी खोटी ग्रामसभा भरवली, तिच्यात हिरा सरपंच झाली आणि तिनं इतका दरारा दाखवला की गुरुजी म्हणाले, “हिला निवडून दिलं तर गावाला कुलूप लागेल.”

एकच बाई माझ्या हाती लागेना. बुधी नाव तिचं. पंचेचाळीशीची, काटक, कपाळावर आणि हातांवर गोंदण. भिंतीला टेकून बसायची, सगळं ऐकायची. विचारलं की मान हलवायची. ग्रामसभेच्या खेळात तिला मी मुद्दाम तक्रार मांडायला उभी केली, तर ती उभी राहिली, माझ्याकडं बघत राहिली आणि खाली बसली. माझ्या वहीत मी तिच्या नावापुढं ‘धीर नाही’ असं लिहून ठेवलं. ते पान मी अजून फाडलेलं नाही.

चिंचणीचा किनारा

चौथ्या दिवशी सगळ्यांना घेऊन हिराच्या गावाला गेलो. डोंगराकडच्या निम्म्या बायकांनी दहा-बारा मैलांवरचा समुद्र कधी पाहिला नव्हता. सुरूच्या बनातून बाहेर आलो तेव्हा ओहोटी होती. ओली काळी वाळू लांबवर पसरलेली. उत्तरेला तारापूरच्या वीजकेंद्राच्या इमारती उन्हात पांढऱ्या दिसत होत्या. बुधी पाण्याजवळ गेली, ओंजळ भरून चव घेतली आणि थुंकली.

“एवडं पानी, आन सगळं फुकाट,” ती म्हणाली. चार दिवसांत तिचं ऐकलेलं हे पहिलं पूर्ण वाक्य.

हिरानं आम्हाला बोंबील वाळत घालायची जागा दाखवली. बांबूंच्या मांडवांवर बोंबलांच्या जोड्या ओळीनं लटकत होत्या. वाऱ्याची बाजू सगळ्यांनाच हवी असते. तिथं मासळी लवकर वाळते. मग भांडण होत नाही का, मी विचारलं.

“व्हायचं की. डोकी फुटायची,” हिरा म्हणाली. “मंग बायांनी पाळ्या लावल्या. आज माजी बाजू, परवा तुजी. आन जिची पाळी नाय, तिनं जिची हाय तिला हात लावायचा. काम दोघींचं झालं का भांडाया येळच मिळत नाय.”

मी ते वहीत टिपून घेतलं. ताडगोळे खाऊन, पायांना वाळू घेऊन आम्ही संध्याकाळी शाळेत परतलो.

पाचवा दिवस

पाचव्या दिवसाचा विषय होता तंटा कसा मिटवायचा. हा माझा हातखंडा विषय. मी फळ्यावर पायऱ्या काढल्या. आधी दोन्ही बाजूंचं ऐका, मग समान मुद्दे शोधा, मग तडजोड सुचवा. उदाहरण म्हणून म्हटलं, “समजा, एका गावाची विहीर आटली आणि शेजारच्या गावानं पाणी द्यायचं नाकारलं.”

भिंतीजवळून बुधीचा आवाज आला. “आयकत नसतील त?”

“मग परत जाऊन बोलायचं.”

“परत गेलो. नाय आयकत.”

“मग अर्ज करायचा. पंचायतीकडं.”

तिनं मान हलवली. माझ्या लक्षात यायला हवं होतं की ती ‘समजा’वर बोलत नव्हती. पण मी पुढच्या पायरीवर गेले.

दुपारी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “बाय, उद्या मना सुटी पायजे. भयनीच्या पोराचं लगीन हाय.”

शिबिरात सुट्टी द्यायची नाही हा माझा नियम. मी तो तिला समजावून सांगितला. तिनं ऐकून घेतलं आणि तशीच उभी राहिली. शेवटी गुरुजी मध्ये पडले. मला पडवीत नेऊन म्हणाले, “ताई, तिला थांबवून चालणार नाही. ती धवलेरी आहे.”

धवलेरी म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. वारल्यांच्या लग्नात गाणी म्हणून लग्न लावणारी बाई. आपल्याकडं भटजी असतो तसं म्हणावं, तर तेही पुरतं जुळत नाही. भटजी वेळेवर आला नाही तर आपण दुसरा गाठतो. धवलेरीच्या गाण्याशिवाय घराच्या भिंतीवर लग्नाचा चौक, म्हणजे पिठाच्या पांढऱ्या रेघांचं देवचित्र, लिहायला सुरुवात होत नाही, देव येत नाही, हळद लागत नाही.

“मग आपणच जाऊ या,” गुरुजी म्हणाले. “उद्या तुमच्या कागदावर गावभेट आहेच.”

वरचा पाडा

सकाळी निघालो तेव्हा आम्ही आठजण होतो. गुरुजी, मी, हिरा, बुधी आणि आणखी चौघी. हळद मी बरोबर घेतली. वाट बुधीच्या पाड्यावरून जाते, त्याला खालचा पाडा म्हणतात. कुडाच्या भिंतींची वीस-बावीस घरं. बुधीच्या घरात फक्त तिची चार-पाच वर्षांची नात होती. सून पहाटेच ओढ्यात गेलेली. ओढा कोरडा होता. आम्ही पुढं गेलो तेव्हा दिसलं, बायका ओढ्याच्या तळाशी हातभर खड्डे उकरून बसल्या होत्या आणि त्यात झिरपणारं पाणी करवंटीनं हंड्यात भरत होत्या. एक हंडा भरायला तास लागत होता.

“विहीर नाही का?” मी विचारलं.

बुधीनं वर बोट दाखवलं. अर्ध्या मैलावर, चढावर, वरचा पाडा. तिथल्या विहिरीला पाणी होतं. दरवर्षी खालचा पाडा तिथंच भरायचा. शिबिराच्या आधी चार दिवस वरच्या पाड्यानं सांगितलं की लग्न आहे, पाणी पुरणार नाही, लग्न होईपर्यंत तुम्ही यायचं नाही. बुधी दोनदा बोलून आली होती. ज्या घरी लग्न, ते तिच्या सख्ख्या बहिणीचं घर.

चढ चढून गेलो तर विहिरीकडं जाणाऱ्या वाटेवर करवंदीच्या काटेरी फांद्या आडव्या टाकलेल्या होत्या. बुधी तिथं थांबली. फांद्यांकडं बघितलं आणि पुढं चालू लागली.

लग्नघर सजलं होतं. जांभळीच्या फांद्यांचा मांडव, सारवलेलं अंगण, गेरूनं रंगवलेली भिंत. भिंतीसमोर चार सवाष्णी तांदळाच्या पिठाची वाटी आणि बांबूच्या काड्या घेऊन बसल्या होत्या. त्या भिंतीवर चौक लिहिणार. काढणार नव्हे, वारली बायका चौक ‘लिहितात’. सगळे बुधीची वाट बघत होते. तिची बहीण सोमी पुढं आली, मला हात धरून खाटेवर बसवलं. मी हळदीची पुडी दिली, ती तिनं कपाळाला लावली.

“चल, सुरू कर,” सोमी बुधीला म्हणाली.

बुधी अंथरलेल्या चटईवर गेली नाही. मांडवाच्या कडेला, मातीत बसली. “पानी दे,” म्हणाली.

सोमीनं तांब्या आणला. बुधीनं तो हातात घेतला नाही.

“कुटल्या ईरीचं?”

“आपल्या ईरीचं. आनि कुटलं?”

“आपली म्हंजी कोनाची?” बुधीनं विचारलं. मग आवाज न चढवता म्हणाली, “वाटेवरचं काटं काडा. मंग गाणं.”

सोमीचा नवरा रावजी पुढं आला. उंच, मेहनती माणूस. लग्नाच्या दगदगीनं डोळे लाल झालेले. “दोन दीस थांब,” तो म्हणाला. “लगीन झालं का मी सोता काडतो.”

“दोन दीस माजी नात काय पील?”

“तू मावशी हास पोराची. मावशीनं असं करावं?”

“मावशी म्हनून आली आस्ती त जेवून गेली आस्ती.”

एक म्हातारा काठी टेकत उठला. “देवाचं काम हाय ह्यें. देवाला अडवतीस तू?”

“देव कुटं अडला?” बुधी म्हणाली. “बसली त मी हाय.”

आता माझी पाळी आहे असं मला वाटलं. मी उभी राहिले आणि म्हटलं की दोन्ही पाड्यांतून पाच-पाच जण निवडू, शांतपणे बसू, एकेकाचं ऐकू. सगळ्यांनी माझ्याकडं आदरानं बघितलं. मग रावजीनं एका बाईला खूण केली, तिनं माझ्या हातात कोऱ्या चहाची वाटी दिली आणि म्हणाली, “बाय, तुमी च्या प्या.” मी बसले आणि चहा प्याले. अकरा वर्षांत मला इतक्या अदबीनं कुणी गप्प केलं नव्हतं.

बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी एक शब्द पुटपुटलं. मला तो कळला नाही, पण गुरुजींचा चेहरा बदलला. ते हळूच म्हणाले, “चेटकीण म्हणतायत. ताई, हा शब्द इथं थट्टेचा नाही. एकदा बाईला चिकटला की ती पाड्यात राहू शकत नाही.”

मी बुधीजवळ जाऊन बसले आणि तिला सांगितलं की आजचा दिवस जाऊ दे, उद्या मी स्वतः पंचायतीत जाते. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “बस बाय,” एवढंच म्हणाली.

रावजीनं मग शेवटचा उपाय केला. डोंगराच्या पलीकडं चैती नावाची जुनी धवलेरी होती. तिला आणायला दोन माणसं धाडली. ऊन चढत गेलं. भाताची मोठी भांडी चुलीवर चढवून ठेवली होती, पण चूल कुणी पेटवली नाही. सवाष्णींच्या वाटीतलं पीठ कडेनं वाळायला लागलं. सोमी दारात बसून पदरात रडत होती, आणि बुधी तिच्याकडं बघत नव्हती. माझ्या शेजारी हिरा पहिल्यांदाच गप्प बसलेली मी पाहिली.

दुपार कलायच्या आधी चैती आली. सत्तरीची, वाकलेली, पायांत काही नाही. मांडवात येऊन तिनं एकदा भिंतीकडं बघितलं, एकदा मातीत बसलेल्या बुधीकडं. “काय झालं?” तिनं विचारलं. रावजी सांगू लागला. तिनं हात वर केला. “तू नको. ही सांगंल.”

बुधीनं चार वाक्यांत सांगितलं. विहीर, काटे, ओढ्यातले खड्डे, नात. जास्त एक शब्द नाही.

चैतीनं ऐकलं. काठी बाजूला ठेवली, कष्टानं खाली वाकली आणि बुधीच्या शेजारी मातीत बसली. “मनाबी तान लागली हाय,” ती म्हणाली. “पर आदी काटं काडा.”

मग दारातली सोमी उठली. तिनं डोळे पुसले, घरात जाऊन कोयता आणला आणि विहिरीच्या वाटेला लागली. रावजीनं तिला हाक मारली. तिनं वळून बघितलं नाही. पाठोपाठ दुसरी बाई गेली, मग तिसरी, मग हातातली वाटी खाली ठेवून त्या सवाष्णी गेल्या. आम्हीही गेलो. फांद्या ओढून बाजूला करताना सोमीच्या मनगटाला काटा लागून रक्त आलं.

रावजी विहिरीशी आला तेव्हा त्याचा राग गेलेला होता, चिंता उरली होती. त्यानं आत डोकावून दाखवलं. पाणी खरंच थोडं होतं. “आता पुरवायचं कसं ते सांगा,” तो म्हणाला. “तीनशे मानूस जेवाया येनार.”

इथं हिराला वाचा फुटली. “पाळ्या लावा,” ती म्हणाली. “सकाळ लग्नाची, सांज खालच्या पाड्याची. आन लग्नाचं पानी भराया खालच्या बायांनी यायचं. त्या शेंदतील, तुमी नेऊन ओता. तुमच्या बाया लग्नाला मोकळ्या.” तिनं बुधीकडं बघितलं. बुधीनं मान हलवली. रावजीनंही हलवली. खालच्या पाड्यावर निरोप गेला आणि तासाभरात बायका हंडे घेऊन चढावर दिसू लागल्या. त्यात बुधीची सूनही होती, कडेवर नात घेऊन.

मग गाणं झालं. मला वाटलं होतं ते मोठ्यानं, खणखणीत असेल. तसं नव्हतं. बुधी आणि चैती शेजारी शेजारी चटईवर बसल्या आणि संथ, खालच्या, एकसारख्या सुरात गाऊ लागल्या. बोलत बोलत वाट चालावी तसं ते गाणं जात होतं, आणि त्याच्या चालीवर भिंतीवर पांढऱ्या रेघा उमटत होत्या. सोमी बुधीच्या मागं येऊन बसली. थोड्या वेळानं तिनं आपलं डोकं बहिणीच्या पाठीला टेकवलं.

शाळेतले शेवटचे दिवस

सातव्या दिवशी दुपारी बुधी शाळेत परत आली. शाळेतल्या मुलीला विचारावं तसं मी तिला विचारलं, “इतके दिवस वर्गात बोलली का नाहीस?”

“तू रोज इचारायचीस, कोनाला बोलायचं हाय,” ती म्हणाली. “मना आयकायचं व्हतं.”

त्या दिवशी शिकवायला मी तिलाच उभं करायचं ठरवलं होतं. धीटपणा म्हणजे काय ते बायकांनी तिच्याकडून ऐकावं. ती उभी राहिली, पण माझ्या मनात होतं ते बोलली नाही.

“काल माजं आयकलं, कारन गाणं माजं व्हतं,” ती म्हणाली. “लगीन सरलं का मना कोन इचारतं? पावसुळ्यात लगीन नसतं. पुडच्या उन्हाळ्यात ईर परत आटंल, तवा लगीन नसलं त मी कशावर बसू? ईर खोल व्हाया पायजे. त्याला कागुद लागतं.” मग माझ्याकडं वळून म्हणाली, “त्या दिशी तू म्हनलीस अर्ज. तो मना शिकीव.”

मी तिच्यापुढं हरले, पण माझी विद्या हरली नव्हती, हे ऐकून मला फार बरं वाटलं. उरलेला दीड दिवस आम्ही एकच काम केलं. बुधी सांगे, शिकलेल्या बायका लिहीत. दोन्ही पाड्यांची नावं एकाच कागदावर. खाली सह्या आणि अंगठे. एक प्रत द्यायची, एकीवर शिक्का मारून घेऊन ती आपल्याकडं ठेवायची, हे मी पुन्हा पुन्हा सांगितलं. बुधीला मी तिचं नाव शिकवलं. दोनच अक्षरं. मला वाटलं वेळ लागेल. पण पूर्वी चौक लिहून तिचा हात इतका सरावलेला होता की तिसऱ्या वेळेला ‘बुधी’ माझ्यापेक्षा सुबक आलं.

पालघर

परतीच्या वाटेवर मी एक दिवस पालघरला थांबले. बुधी, सोमी आणि हिरा बरोबर होत्या. पंचायत समितीच्या कचेरीत मी बोलायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं, आणि मला ते फार जड गेलं.

कारकून तरुण होता, कामात बुडालेला. त्यानं अर्ज वाचला. “ठेवून जा. साहेब आले की दाखवतो.”

“शिक्का?” बुधी म्हणाली.

“साहेब दौऱ्यावर आहेत. दुपारी येतील, नाहीतर उद्या.”

“बरं,” असं म्हणून बुधी त्याच्या टेबलासमोर फरशीवर बसली. सोमी तिच्या शेजारी बसली. हिरा दारात बसली, वाऱ्याला. कारकुनानं बाकाकडं बोट दाखवलं. त्या हलल्या नाहीत. त्यानं दोन फायली हातावेगळ्या केल्या, एकदा पाणी प्याला, एकदा माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. अर्ध्या तासानं त्यानंच ड्रॉवर उघडला, दोन्ही प्रतींवर शिक्का मारला, तारीख घातली आणि एक प्रत पुढं केली.

बाहेर पायरीवर बुधीनं मला त्या शिक्क्यातलं सगळं वाचायला लावलं. तारीख वाचली तेव्हा तिनं विचारलं, “आजचा दीस लिवलाय ना? बरं झालं. इसरलो म्हनता येनार नाय.” मग कागदाची घडी करून तिनं ती कमरेला खोचली.

पुढचं मला गुरुजींच्या पत्रांतून कळत गेलं. पाऊस संपल्यावर विहिरीवर माणसं आली. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी विहीर दोन पुरुष खोल गेली, आणि पाळ्या अजून चालू आहेत. पंचायतीची निवडणूक लागली तेव्हा त्या भागातली जागा बाईसाठी होती. दोन्ही पाडे मिळून बुधीच्या घरी गेले, तिचं नाव द्यायला. तिनं सगळ्यांना बसवून घेतलं, ताडगोळे दिले आणि सोमीचं नाव सुचवलं. सोमी निवडून आली. तूच का नाही उभी राहिलीस, असं गुरुजींनी तिला नंतर विचारलं.

“मी पंचायतीत बसली,” बुधी म्हणाली, “त पाड्यात कोन बसंल?”